ओढ्याकाठची सावड

आमच्या ओढ्याला नाव नाही. गावाला नाव आहे, नदीला आहे, ओढ्याकाठच्या मारुतीलाही आहे. पण ज्या पाण्यात त्या मारुतीच्या देवळाची सावली पडते त्याला सगळे नुसते 'ओढा' म्हणतात. गावनकाशावर तो दोन वाकड्यातिकड्या रेघांनी काढलेला आहे आणि त्या रेघांच्या मध्ये 'ओढा' ही दोनच अक्षरे आहेत. नकाशाची नक्कल आणायला गेले तेव्हा तिथल्या कारकुनाला मी विचारले, "ह्याला काही नाव असेल ना?" त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बाई, नाव द्यायला तो काय रस्ता आहे?"

जुन्नरच्या अंगाला, शिवनेरीच्या बाजूच्या उतारावरून तो उतरतो, दोन-तीन मळे ओलांडतो, मग वस्तीच्या पाठीमागून, घरांच्या परसांना खेटून जातो आणि कुकडीला मिळतो. सगळी लांबी तीन-साडेतीन किलोमीटर. आषाढ-श्रावणात त्याचा आवाज रात्री आमच्या माडीवर ऐकू येतो. दिवाळीत तो गुडघाभर असतो, संक्रांतीला घोट्याइतका. आणि होळीनंतर आसपासच्या विहिरी तळाला गेल्या तरी ह्याची धार तेवढीच वाहत असते. हा ओढा उन्हाळ्यात आटत कसा नाही, ह्याचे मला पहिली दोन वर्षे मोठे कौतुक होते. ते कौतुक कसे उतरले ते पुढे सांगते.

गेली सहा वर्षे दर रविवारी सकाळी आम्ही काही माणसे ह्या ओढ्यावर जातो. आमच्या मंडळाला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. एक वही आहे, ती माझ्याकडे असते. हा लेख त्या वहीतूनच निघाला आहे.

सुरुवात वर्गात झाली. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. त्या दिवशी स्थलनामांचा तास होता आणि जुन्नरपासून चाकणपर्यंतच्या मावळांची जुनी नावे मी फळ्यावर लिहीत होते: मिन्नेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर. नेर म्हणजे नदीचे खोरे. मीनेचे ते मिन्नेर, घोडचे ते घोडनेर, भीमेचे ते भीमनेर, भामेचे ते भामनेर. ह्या मुलखातल्या माणसाने आपला पत्ता सांगायचा तो नदीच्या नावाने, असे मी मोठ्या अभिमानाने सांगत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, मग आपल्या ओढ्याचं नेर कुठलं?" वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही. त्याचे घर ओढ्याला लागून होते आणि वर्षातले आठ महिने त्या घराची मागची खिडकी वासामुळे बंद असे. पुढच्याच रविवारी आम्ही गेलो.

वहीतली पहिली नोंद अशी आहे: 'उपस्थिती ११. गोण्या १४. चहा नाही.' चहाची चूक पुढच्या रविवारी दुरुस्त झाली. चहावाचून लोकसेवा तीन आठवड्यांच्या पुढे जात नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने मंडळ काढण्याच्या भानगडीत पडू नये. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी वर्तमानपत्रात बातमी दिली. त्यानंतरच्या रविवारी ३४ माणसे आली, त्यांतली दहा-बारा पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. छायाचित्रे निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही सहाजण होतो, आणि त्या सहांत आमचे निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांचे वय तेव्हा अडुसष्ट. पहार त्यांची स्वतःची, घरून खांद्यावर टाकून आणलेली. ती पहार ते कोणाच्या हातात देत नसत.

ओढ्यात काय सापडते ह्याची यादी दिली तर हा सगळा अंक भरेल. प्लास्टिकच्या पिशव्या तर होत्याच. राज्यात २०१८ साली बंदी आली तरी ओढ्यापर्यंत तिची वर्दी अजून पोचलेली नाही. देवांच्या तसबिरी, फुटक्या काचेसकट. गादीचा कापूस. एकदा तर सबंध लग्नाचा मांडवच, कनातीसकट. आणि टोमॅटो! नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की ती खबर आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी ओढ्यात लागते. पाणी लालभडक, वर माशांचे मोहोळ. ज्याने ते टाकले त्याच्यावर रागवावे तरी कसे? तो क्रेट भरून बाजारात नेण्याचे गाडीभाडेही सुटले नसेल.

त्या पहिल्या वर्षी आम्ही एक मोठा गाढवपणा केला, तो लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणी करू नये. काठ 'साफ' करण्याच्या उत्साहात आम्ही घाणेरीबरोबर निर्गुडी उपटली, वाळुंजाची रोपटी कापली, करंजाच्या फांद्या छाटल्या. काठ कसा न्हाव्याने भादरल्यासारखा दिसू लागला. आम्ही खूष. जूनमध्ये पहिला लोंढा आला आणि दोन ठिकाणी हात-हात काठ ढासळून पाण्यात गेला. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. माती धरून ठेवणारी मुळेच आम्ही काढून टाकली होती. पुढची दोन वर्षे त्याच जागी निर्गुडीची छाटकलमे लावण्यात गेली.

मानमोडीच्या डोंगरातल्या लेण्यांत एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, ह्याने ४६ व्या वर्षी पोढी आणि मंडप करवून दिला, असे त्यात कोरले आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. जुन्नरच्या डोंगरांत अशी कितीतरी टाकी आहेत. मुलांना मी हा लेख नेहमी दाखवते आणि सांगते की, बघा, पाण्याची सोय करणाऱ्याचे नाव ह्या गावाने दगडात ठेवले आहे. टाके पुढे दरवर्षी उपसले कोणी, त्याचे नाव मात्र कुठेच कोरलेले नाही, हे माझ्या ध्यानात यायला ओढ्यावरची तीन वर्षे जावी लागली.

तिसऱ्या वर्षी आमच्या प्राणिशास्त्राच्या सहकारी बाई मंडळात आल्या. त्या गोणी उचलत नाहीत. त्या दगड उलटे करतात. त्यांनी आम्हाला दाखवले की पाणी कसे आहे हे पाण्यातल्या किड्यांना विचारावे. मेफ्लाय नावाच्या माशीची पिल्ले पाण्यात दगडाला बिलगून वाढतात. बहुतेकांना शेपटीकडे तीन बारीक केस असतात. त्यांना स्वच्छ, खेळते पाणी लागते. उलट गाळात रक्तासारख्या लाल अळ्या दिसल्या तर समजावे की पाणी गुदमरले आहे. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू कमी असला तरी त्या जगतात. २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एवढीशी ती पुंजी. मैला आणि खरकटे कुजवणारे जंतू तिच्यावर पडले की मासळीच्या वाट्याला काही उरत नाही.

वस्तीच्या वर, मळ्याजवळच्या साकवाखाली, आम्ही दगड उलटला की तीन शेपट्यांची पिल्ले पळत. तिथून चारशे पावले खाली, मारुतीच्या पुढे, दगडाखाली नुसत्या लाल अळ्या. म्हणजे जे काही बिघडते ते ह्या चारशे पावलांत. ह्या चारशे पावलांत असे आहे तरी काय? आम्ही पाहिले, आणि आम्हाला ताबडतोब गुन्हेगार सापडला: धुण्याचे दगड.

आमच्याकडे घट बसण्यापूर्वी घरातले झाडून सगळे धुणे निघते. गोधड्या, वाकळा, पडदे, सतरंज्या. बायका डोक्यावर बोचकी घेऊन, पोराबाळांसकट, भाकरी बांधून पाण्यावर जातात; दिवसभर काठावर गोधड्या वाळत असतात आणि लांबून पाहिले तर जत्रा भरल्यासारखे वाटते. भाद्रपद संपता संपता आम्ही तिथे एक पाटी लावली. 'येथे कपडे धुण्यास सक्त मनाई आहे.' मजकूर माझा होता. 'सक्त' हा शब्दही माझाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीच्या खांबाला एक गोधडी वाळत घातलेली होती.

मी तणतणत खाली गेले. दगडावर एक म्हातारी बसली होती, सत्तरीच्या पुढची, लुगड्याचा ओचा खोवलेला. तिच्याबरोबर तीन सुना. मी पाटीकडे बोट केले. ती म्हणाली, "मला वाचता येत नाही, बाई. काय लिवलंय?" मी वाचून दाखवले. तिने शांतपणे गोधडी पिळली, सुनेच्या हातात दिली आणि मला विचारले, "आम्ही येतो वर्षातून दोनदा. घटाला आन् पाडव्याला. तुमच्या घरचं धुणं रोज निघत असंल, न्हाई का?"

"हो, पण ते मशीनमध्ये..."

"मग ते पाणी कुठं जातं?"

वाचकहो, मी एम.ए. आहे. वीस वर्षे शिकवते आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. मोरीत जाते, एवढे ठाऊक होते. मोरीतून नळीत. नळीतून गटारात. आणि गटार? गटार 'तिकडे' जाते. आपण शहाणीसुरती माणसे ह्या 'तिकडे' शब्दावर किती भिस्त ठेवतो ते त्या दिवशी मला कळले.

पुढच्या रविवारी वहीशिवाय आणि मंडळीशिवाय मी एक प्रयोग केला. मोठ्या मुलाला ओढ्याकाठी उभे केले, धाकट्याला कोपऱ्यावर. यजमान गच्चीतून पाहत होते आणि ह्या वेडेपणात आपला हात नाही हे शेजाऱ्यांना दिसेल अशा बेताने उभे होते. मी धुण्याच्या मशीनचे पाणी सोडले आणि त्यात नीळेची अख्खी बाटली रिकामी केली. सात मिनिटे झाली असतील. खालून आरोळी आली, "आई, आलं!"

घाणेरीच्या जाळीआड एक सिमेंटचा नळ होता. तीन वर्षे आम्ही त्याच्यासमोर उभे राहून गोण्या भरत होतो आणि तो आम्हाला दिसला नव्हता. त्यातून निळे पाणी ओढ्यात पडत होते, वर साबणाचा फेस. असे नळ त्या चारशे पावलांत आम्ही नंतर मोजले. ते नऊ निघाले. काठावरची ६० घरे त्यांना जोडलेली. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावे आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे समजावे, हा अभियंत्यांचा नेहमीचा हिशेब. चार माणसांच्या माझ्या घरातून रोज चारशे लिटरांवर. साठ घरांचे पंचवीस-सव्वीस हजार लिटर. होळीनंतर आमचा ओढा का आटत नाही ह्याचे उत्तर हे असे होते. उन्हाळ्यात तिथे ओढा नसतोच, आम्ही असतो.

हे पाणी पुढे कुकडीत जाते. कुकडी येडगावच्या धरणात, आणि तिथून कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा. माझ्या मोरीचा पत्ता इतका लांबचा असेल असे मला वाटले नव्हते.

मी वहीत हे सगळे लिहिले आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवले. कोणी फारसे बोलले नाही. पोस्टमास्तर तेवढे म्हणाले, "पाटी काढा." पाटी काढली. पण त्यानंतर मंडळच मोडते की काय अशी वेळ आली. दुसऱ्याने टाकलेला कचरा उचलताना अंगात एक प्रकारचे बळ असते. स्वतःचीच घाण आहे म्हटल्यावर ते बळ जाते. काहींनी रास्त मुद्दा काढला की सांडपाणी शुद्ध करणे हे ज्यांचे काम आहे त्यांनी ते करावे. मीही तेच म्हणते. पाणी-प्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा आहे. ओढ्यानाल्यांचे तळ सरकारच्या मालकीचे आहेत हे १९६६ च्या महसूल संहितेच्या २० व्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. आम्ही अर्ज केले. त्यांच्या पोचपावत्या वहीत चिकटवलेल्या आहेत. पोचपावत्यांना डिंक लावण्याचे काम मी मन लावून करते. पण तेवढ्यावर रविवारी सकाळी सहाला कोणी अंथरुणातून उठत नाही. त्या पौषात एका रविवारची नोंद आहे: 'उपस्थिती २.' दुसरे कोण ते सांगायला नको. पहार होतीच.

त्याच हिवाळ्यात बोलीतले शब्द गोळा करायला विद्यार्थ्यांना घेऊन मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आहुप्याला गेले. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले ते गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, कचेऱ्या घोडेगावला. डिंभ्याच्या जलाशयाला वळसा घालत रस्ता वर चढतो. वर आहुपे, आणि त्याच परिसरात घोड नदीचा उगम. गावाजवळ भैरवनाथाची देवराई आहे. आत गेले की दुपारी बाराला संध्याकाळ होते. मी एका महादेव कोळी आजोबांना विचारले, "हिची राखण कोण करतं?" त्यांना प्रश्नच कळेना. मी म्हटले, "म्हणजे लाकूड कोणी तोडून नेलं तर?" ते म्हणाले, "नेऊन करायचं काय? देवाचं लाकूड चुलीत घालता येत नाही, घराला लावता येत नाही. घरातली माणसं आत घेतील व्हय?"

देवराई आणि पाणी ह्यांचा संबंध काही माझ्या कल्पनेतला नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ महाराष्ट्रातल्या देवराया पाहत हिंडत होते. तेव्हा कोकणात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाहून त्यांच्याकडे मदतीसाठी मागणी आली. तिथली देवराई तोडायचे ठरले होते आणि गावाला ती वाचवायची होती. कारण लोकांनी सरळ सांगितले: त्या राईतून निघणाऱ्या ओढ्यावरच खोऱ्याचे पाणी चालते. पुढे ती तोड रद्द झाली. गाणीच्या लोकांना आपल्या ओढ्याचे मूळ कुठे आहे ते पाठ होते. आम्हाला आमच्या मोरीचे तोंड कुठे आहे ते माहीत नव्हते.

पण आहुप्याहून मी आणला तो शब्द देवराईचा नव्हे. तो पडकईचा. डोंगरउतारावर दगडी ताली घालून भातखाचरे करायची, आणि ती एकेकट्याने नव्हे, तर दहा-बारा घरांनी मिळून करायची. आज ह्याच्या उतारावर, उद्या त्याच्या. ह्याला तिकडे पडकई म्हणतात. डिंभे धरणात ज्यांची चांगली खाचरे गेली त्यांना वर उतारावर नवी करून घेण्यासाठी हीच रीत कामी आली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर ह्यांनी 'शाश्वत' ह्या संस्थेमार्फत ह्या लोकांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. पडकई, जलाशयातली मासेमारी, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवरची पिके. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

मला भावला तो त्यातला हिशेब. परतीच्या गाडीत मी मुलांना शब्द लिहून द्यायला सांगितले: दुसऱ्याच्या कामाला हात लावण्याचे मराठीत किती शब्द आहेत? इर्जिक निघाला, त्यात सगळे बैल घेऊन येतात आणि ज्याचे शेत तो जेवण घालतो. वेठ निघाली, तिची गोष्ट वेगळी. एका मुलीने सांगितले, सावड. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या. आणि मग श्रमदान. मी फळा नसताना त्यांना शिकवू लागले की श्रमदानात 'दान' आहे. दान देणारा वर असतो आणि घेणारा खाली, आणि देणाऱ्याला वाटले तर तो पुढच्या रविवारी येत नाही. सावडीत मात्र माणूस बांधलेला असतो, कारण त्याच्या शेतावर आधी कोणीतरी येऊन गेलेले असते. हे बोलता बोलता मी गप्प झाले, असे मुले मागाहून सांगतात.

पुढच्या रविवारी आम्ही ओढ्यावर गेलोच नाही. माझ्या परसात गेलो. शोषखड्डा खणायला.

कृती लिहिते, फराळाच्या पाककृतीसारखी कापून ठेवावी. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल. मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती धोंडे, विटांचे तुकडे, वर खडी. मोरीचे आणि न्हाणीचे पाणी तेवढे सोडायचे. संडासाचे मुळीच नाही. विहीर असेल तर पन्नास फूट दूर. आत पडणारे खरकटे आणि केस अडवायला तोंडाशी जाळी, आणि ती जाळी दर आठवड्याला ज्याची त्याने धुवायची. ह्यात काही नवे नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारेच बंद केली आणि डासांचा उपद्रव घालवला. पुण्यातली जीवितनदीची मंडळीही नदीकाठचे तुकडे दत्तक घेताना घरातल्या साबण-फिनेलपासून सुरुवात करायला सांगतात. हे सगळे मी आधी वाचले होते, आणि ते इतरांसाठी लिहिले आहे असे समजून बाजूला ठेवले होते.

मंडळाचा नियम झाला: ज्याच्याकडे खड्डा हवा त्याने आधी तीन रविवार दुसऱ्यांच्या परसात खणायचे. मग त्याची बारी. ज्या दिवशी बारी त्या दिवशी चहा-पोहे त्याचे. उपस्थितीचा प्रश्न मिटला असे म्हणणार नाही. पण 'उपस्थिती २' पुन्हा वहीत आलेली नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचे घर चौथे झाले. गोधडीवाल्या आजीचे सातवे. तिच्या सुनांनी माझ्यापेक्षा दुप्पट माती काढली, आणि खड्ड्याच्या काठाशी बसून आजी मला दाखवत होती की फावडे धरायचे कसे.

सगळे खड्डे चालले नाहीत. दोन घरी खाली काळी चिकट माती लागली. पाणी मुरेना, परसात डबके झाले, आणि त्या घरच्या मालकिणीने मला भर बाजारात जे ऐकवले ते इथे लिहिण्याजोगे नाही. ते खड्डे आम्ही आणखी खोल, मुरूम लागेपर्यंत नेले. एक तरीही बंद पडला. तिथे केळी आणि अळू लावून पाणी जिरवतो आहोत. अळू असा माजला आहे की सगळ्या आळीला फदफदे पुरते. सहा वर्षांच्या शेवटी साठांतली २३ घरे झाली आहेत. सदतीस राहिली आहेत.

भाद्रपदात मारुतीपुढच्या दगडाखाली तीन शेपट्यांचे एक पिल्लू निघाले. एकच. मी आनंदाने ओरडले. प्राणिशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "पावसाळ्यात सगळेच ओढे सज्जन असतात. हे फेब्रुवारीत दाखव." त्यांचे बरोबर आहे. वहीत मी पेन्सिलीने नोंद केली आहे.

आता एका वादाबद्दल लिहायचे, आणि तेच जड जाते आहे. गेल्या उन्हाळ्यात ओढ्याच्या सुशोभीकरणाची योजना आली. कोणी आणली ते सोडून देऊ. दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती, वर फरसबंद वाट, बाके, दिवे. तळालाही सिमेंट. चित्रात ती फार सुंदर दिसते. चित्रात पाणीही निळे आहे. मंडळाचे सरळ दोन भाग झाले. आमचे म्हणणे, तळ बांधला की ओढा मेला. दगड नाही तर त्याखालचा जीव नाही, आणि नऊ नळ भिंतीतून तसेच पडत राहणार. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, दरवर्षी पुराचे पाणी परसात शिरते ते थांबेल. दुसऱ्या बाजूला पोस्टमास्तर होते. त्यांचे परस सगळ्यांत सखल भागात आहे. आम्ही पहिल्या वर्षी जो काठ भादरला आणि जो ढासळला, तो त्यांच्याच परसामागचा. तेव्हापासून त्यांच्याकडे पाणी शिरते. सहा वर्षांत त्यांनी हे एकदाही बोलून दाखवले नव्हते. बैठकीत मी सिमेंटविरुद्ध बरेच काही बोलले, टाळ्याही मिळाल्या, आणि मग ते उभे राहून एवढेच म्हणाले, "बाई, तुम्ही माडीवर राहता." त्यानंतर ते आले नाहीत.

योजनेचा निर्णय अजून व्हायचा आहे. आम्ही आमचे लेखी म्हणणे दिले आहे. त्यात आता त्यांच्या परसामागच्या काठाला दगडी पिचिंग आणि निर्गुडी-वाळुंजाची दुहेरी रांग असे एक कलम घातले आहे. ते आधीच घालायला हवे होते.

वहीत बारीची यादी आहे. दिवाळी झाली की पहिल्या रविवारी चोविसावे घर. त्यापुढे पोस्टमास्तरांचे नाव आहे, गेल्या वर्षीच लिहिलेले. दुसऱ्यांच्या परसात त्यांनी तीन नव्हे, तेवीस खड्डे खणले आहेत. त्यांनी नाव खोडा असे सांगितलेले नाही, आम्हीही खोडलेले नाही. मागच्या रविवारी मुलांनी विचारले, "मॅडम, जायचं का?" मी म्हटले, सहाला मारुतीपाशी जमा. घमेली, फावडी माझ्याकडे आहेत. पहार त्यांच्याकडेच आहे.